एकही हरकत आली नाही

पालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोपऱ्यात चार नंबरची खिडकी होती. त्या खिडकीमागे ती एकोणीस वर्षं बसत होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला चौकशीबाई म्हणायचे. एकदा तर लग्नाच्या पत्रिकेवरच कुणीतरी 'चौकशीबाई व कुटुंबीय' असं लिहून पाठवलं. तिच्या नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे मी कुटुंबीय. पद काही वाईट नाही."

काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. वरच्या तीन मजल्यांवरून लोकांच्या घरी जी पत्रं जात, ती हातात धरून लोक खिडकीशी येत आणि काचेच्या गोल भोकाशी वाकून विचारत, "बाई, यात काय लिहिलंय?" वाचता येत नाही म्हणून विचारत असं नाही. चांगले शिकलेसवरलेले येत. एकदा एक शाळामास्तर आले होते. पत्र तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "शब्द सगळे कळतात हो, पत्र तेवढं कळत नाही."

कळणार कसं? वर तेरा खाती होती आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. पाणी खातं 'नळजोड' म्हणायचं, कर खातं त्यालाच 'जलजोडणी', आणि आरोग्य खातं 'पाणी घेण्याचे ठिकाण'. घरात मोरीवर गळत असलेली तोटी एकच. 'मंजूर' हा शब्द परवाना खात्याकडून आला तर काम झालं समजावं, आणि बांधकाम खात्याकडून आला तर ते नुसतं पुढच्या टेबलावर गेलं समजावं. चौकशीबाईनं हे सगळं एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं. पानाच्या डाव्या बाजूला शब्द, मध्ये खातं, उजवीकडे त्या खात्यात त्याचा खरा अर्थ. 'लवकरच' या एका शब्दाला तिनं अर्धं पान दिलं होतं. पाणी खातं: तीन दिवस. दिवाबत्ती: महिना. बांधकाम: पुढल्या वर्षी बघू. उद्यान खातं: विसरा.

ही वही तिची अक्कल होती आणि तिची अब्रूही. लोक खिडकीपासून सुटकेचा निःश्वास टाकून जात. घरी सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिला कुठलीही गोष्ट चार शब्दांत आणि मोठ्यानं सांगायची सवयच लागली होती. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. तो म्हणायचा, "आमच्याकडे बाटलीवर 'योग्य वेळी, योग्य प्रमाणात घ्यावे' एवढंच लिहून दिलं, तर संध्याकाळपर्यंत माणूस आडवा. तुमच्याकडे सगळंच योग्य वेळी, योग्य प्रमाणात."

मग एक दिवस एक इस्त्रीवाली आली. तिच्या हातात दोन पत्रं होती. एकात होतं, 'आपला नळजोड नियमित करण्यात आला आहे.' दुसऱ्यात होतं, 'आपली अनधिकृत जलजोडणी खंडित करण्यात येईल.' ती बिचारी म्हणाली, "माझ्याकडे नळजोड आहे, जलजोडणी नाहीच. म्हणून मला वाटलं दुसरं पत्र शेजारणीचं असेल. मी ते तिच्याकडे टाकून आले होते, आज परत आणलं." पाणी तुटून अकरा दिवस झाले होते. घरात महिन्याचं बाळ होतं. चौकशीबाईनं दोन मजले चढून, तीन टेबलं फिरून ते पाणी परत सुरू करून घेतलं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात भुणभुण सुरू झाली ती थांबेना.

तिनं मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच वर पत्र लिहीत होती, म्हणून सुटीच्या दिवशी सकाळभर बसून तीनदा खरडलं. मागणं एवढंच होतं, की सगळ्या खात्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरावा आणि तो शब्द लोकांच्या तोंडातला असावा.

पत्राला उत्तर आलं नाही. पण आठ महिन्यांनी एक नवे संपर्क अधिकारी रुजू झाले, आणि त्यांनी तिला वर बोलावलं. उमदा माणूस होता. उठून खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. आपण लेखनशैलीची पुस्तिका काढतोय. सगळ्या पालिकेची एक भाषा. तुमच्याकडे म्हणे एक वही आहे?"

तिनं वही दिली. घरी जाऊन सासूबाईंच्या कानाशी ओरडून सांगितलं, "माझ्या वहीचं पुस्तक होणार!" सासूबाई म्हणाल्या, "लग्न कुणाचं?"

पुस्तिका आली ती चांगली चौसष्ट पानांची, गुळगुळीत. पहिली वीस पानं अक्षर केवढं असावं, समास किती सोडावा, बोधचिन्ह कुठल्या कोपऱ्यात घ्यावं यांची. मग शब्दांची यादी. डावीकडे 'हे टाळा', उजवीकडे 'हे वापरा'. चौकशीबाई जेवणाच्या सुटीत डबा न उघडता वाचत बसली. 'नळजोड' तिचाच घेतला होता. तिला हसू फुटलं. पान उलटलं आणि ते हसू तिथंच राहिलं.

'पाडणे', 'काढून टाकणे', 'ताब्यात घेणे' या तिन्हींच्या पुढे एकच शब्द होता: 'बाधित'. 'नामंजूर', 'फेटाळले', 'दफ्तरी दाखल' यांच्यापुढे: 'नोंद घेण्यात आली'. आणि 'तक्रार', 'विनंती', 'सूचना', 'हरकत' या चारही शब्दांपुढे: 'निवेदन'. खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं, की नकारात्मक शब्दांनी नागरिकांच्या मनात दुरावा निर्माण होतो.

शेवटच्या पानावर खिडक्यांसाठी वेगळा नियम होता. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी मान्य शब्दच वापरावेत, पत्राचा आपल्या शब्दांत अर्थ सांगू नये; त्यातून विसंगती निर्माण होते. पुढच्याच आठवड्यात काचेला आतून एक माइक बसला. बोलणं सुरू झालं की त्याच्यावरचा तांबडा दिवा लागायचा आणि सगळं वर कुठेतरी साठत जायचं.

ती पुस्तिका घेऊन संपर्क अधिकाऱ्यांकडे गेली. "साहेब, रस्तारुंदीच्या कायद्यात 'हरकत' असा शब्द आहे. तीस दिवसांत हरकत घ्यायची असते. लोकांनी निवेदन दिलं तर?"

"मॅडम, कायद्याची भाषा वेगळी आणि संवादाची वेगळी," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि एका गोष्टीला एक शब्द, हे तर तुमचंच म्हणणं होतं ना?"

"एका गोष्टीला एक म्हटलं होतं, साहेब. हे चार गोष्टींना एक झालंय."

ते हसले. छद्मी नव्हे, खरोखर कौतुकानं हसले. "छान बोललात. पुढच्या आवृत्तीत विचार करू. लिहून द्या."

तिनं लिहून दिलं. एकदा दिलं, दोनदा दिलं. वही परत मागितली, तर ती छापखान्यात राहिली असावी असं कळलं.

मधल्या काळात तिला एक ज्ञापनही मिळालं. एका म्हातारीला ती "म्हणजे आजी, तुमचा अर्ज नाकारलाय" असं म्हणाली होती. 'म्हणजे' या शब्दावर वर कुणीतरी खूण केली होती. खुलासा मागितला होता आणि पुन्हा असं झाल्यास वेतनवाढ रोखण्याचा इशारा होता. नवरा म्हणाला, "तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा. पण तू गप्प राहा. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत." ती गप्प राहायला शिकली. लोक विचारत, ती मान्य वाक्य म्हणे. लोक पुन्हा विचारत, ती पुन्हा तेच म्हणे. काहीजण चिडत. एका बाईनं तर काचेवर टिचकी मारून पाहिलं, आत माणूसच आहे ना म्हणून.

आणि मग कुलूपवाले काका आले.

पालिकेसमोरच्या बाजाराच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांमधली फट म्हणा. एक माणूस आडवा झाला तर पाय रस्त्यावर येतील. भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, एक चाव्या घासायचं यंत्र, एक स्टूल. चाळीस वर्षं ते तिथं बसून अख्ख्या गावाच्या चाव्या करत होते. पालिकेच्या निम्म्या कपाटांच्या चाव्या त्यांनीच केलेल्या. चौकशीबाईच्या घराची एकदा चावी हरवली तेव्हा दुकान बंद करून ते चालत आले होते, आणि सासूबाईंनी त्यांना चोर समजून दाराआडूनच उभ्या जागी झापलं होतं. काका तेव्हापासून त्यांना 'पहारेकरी' म्हणत.

काकांनी पत्र भोकातून आत सरकवलं. "ताई, हे वाचा. आपली मिळकत बाधित आहे, असं म्हणतायत. बाधित म्हणजे काय झालंय तिला? ताप आलाय?"

तांबडा दिवा लागला. गल्लीचा नकाशा चौकशीबाईनं स्वतः पाहिला होता. त्या रांगेतली चौदाच्या चौदा दुकानं पूर्ण जाणार होती. भिंतसुद्धा राहणार नव्हती.

"आपली मिळकत प्रस्तावित रस्त्यामुळे बाधित आहे," ती म्हणाली. "आपणांस काही म्हणायचे असल्यास तीस दिवसांत निवेदन सादर करावे."

"ते वाचलं मी. तुम्ही सांगा ना तुमच्या भाषेत. पायरी जाणार की दुकान?"

तिनं मान हलवली. काकांना ती होय वाटली की नाही वाटली कोण जाणे. तिलाही ठाऊक नव्हतं आपण कशी हलवली ते.

"बरं," काका म्हणाले. "माझ्या भावाच्या घराच्या वेळी हरकत घ्यायची असं म्हणायचे. तसंच लिहू ना? हरकत?"

इथं ती थांबली. नंतर कित्येक दिवस तिला ते थांबणं आठवत राहिलं. मागे रांगेत नऊ माणसं होती. काका वाकून, हनुवटी जवळजवळ भोकाला टेकवून तिच्याकडे बघत होते. तिनं स्वतःशी विचार केला, की वर आवक शाखेत 'हरकत' असं मथळ्यावर लिहिलेला कागद आता घेतच नाहीत. छापील नमुनाच 'निवेदन' असा आहे. काका आत हरकतीचीच कारणं लिहितील. माणसं वाचतील. शब्दानं काय होतं?

"निवेदन असंच लिहा," ती म्हणाली.

काकांनी लिहिलं. एवढंच नव्हे, गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं, की खिडकीवरच्या ताईंनी स्वतः सांगितलंय, निवेदन म्हणूनच लिहा. चौदा निवेदनं वेळेत गेली. पोचपावत्या मिळाल्या. काकांनी आपली पावती दुकानात खिळ्याला लावली, चाव्यांच्या शेजारी.

सुनावणीच्या दिवशी गल्ली बंद ठेवून सगळे सभागृहात आले. तासाभरानं काका एकटेच खिडकीशी परतले. रांगेत उभे राहिले. पुढची सहा माणसं होईपर्यंत थांबले. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "ताई, तिथं वाचून दाखवलं. विहित मुदतीत एकही हरकत आली नाही."

"आणि तुमची चौदा निवेदनं?"

"ती आहेत म्हणाले फायलीत. त्यांची नोंद घेतलीय. पण हरकत नाही आली."

काका आवाज चढवतील, काचेवर मूठ आपटतील, चार शब्द सुनावतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "काका, चूक माझी आहे," ती कशीबशी म्हणाली.

"हरकत नाही, ताई," काका सवयीनं म्हणून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते किंचित हसले, आणि वळून गेले.

तिनं खिडकीवर 'पाच मिनिटांत'ची पाटी टांगली आणि जिना चढली. विधी शाखेतले साहेब वयस्कर होते, तिला ओळखत होते. त्यांनी फाईल काढून दाखवली. "हे बघा. कायद्यात शब्द 'हरकत' आहे. मथळ्यावर हरकत नसेल, तर तो कागद सुनावणीला घेताच येत नाही. मी काय करू? मीसुद्धा वाचली सगळी. हा कुलूपवाला तर किती छान लिहितो. पण माझे हात बांधलेत." आता वरच्या न्यायाधिकरणात जावं, तिथं वर्ष-दोन वर्षं लागतील, आणि तोवर कामाला स्थगिती मिळेलच असं नाही, असं त्यांनी सांगितलं.

मग ती संपर्क अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांचा चेहरा खरंच उतरला. त्यांनी पुस्तिकेचं दुसरं पान उघडून तिच्यापुढे धरलं. तळाशी एक ओळ होती: 'ही पुस्तिका वैधानिक कामकाजास लागू नाही.' "हे आपण घातलं होतं, मॅडम," ते म्हणाले. ती ओळ तिनं वाचली नव्हती. कुणीच वाचली नव्हती. आवक शाखेनं तर नव्हतीच.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आता?"

"मी लिहून देते, की खिडकीवरून मीच त्यांना तसं सांगितलं. माइकमध्ये आवाज आहेच माझा. मग ती निवेदनं हरकती म्हणून धरावीच लागतील."

"आणि तुझं काय?"

"वेतनवाढ जाईल."

"अगं, तेवढंच गेलं तर बरं," तो म्हणाला. पण लिहू नकोस असं म्हणाला नाही. उलट सकाळी कामावर जायच्या आधी तिचा कागद त्यानं वाचून दिला, आणि एके ठिकाणी 'माझ्याकडून अनवधानाने' होतं ते खोडायला सांगितलं. "अनवधानानं नाही झालं. तुला माहीत होतं." तिनं खोडलं.

कागद सही करून, पावती घेऊन दिला. तिला वाटलं होतं चौकशी लागेल, बोलावतील, ओरडतील. दोन आठवडे गेले. बोलावणं नाही, ज्ञापन नाही. वेतनवाढसुद्धा ठरल्या तारखेला झाली. बाविसाव्या दिवशी तिच्याच खिडकीत, तिच्याच नावानं बंद पाकीट आलं. अक्षर पुस्तिकेतल्या मापाचं, समास बरोबर, बोधचिन्ह उजव्या कोपऱ्यात. 'आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.'

तिला त्याचा अर्थ कुणाला विचारायची गरज नव्हती.

गल्लीतल्या दुकानदारांपैकी दोघं न्यायाधिकरणात गेले. त्यांचं अजून चाललं आहे. बाकीच्यांनी माल हलवायला सुरुवात केली. पर्यायी जागेबद्दल पत्रं आली होती, त्यांत होतं, 'आपले प्रकरण विचाराधीन आहे.' काका ते पत्र घेऊन खिडकीशी आले नाहीत. ती रोज रांगेवरून नजर फिरवायची, पण ते आले नाहीत.

यंत्रं यायची होती त्या दिवशी तिनं सकाळची अर्धी रजा टाकली आणि गल्लीत गेली. काका खिळ्यांवरून चाव्या काढून पत्र्याच्या डब्यांत भरत होते. तिनं पदर खोचला आणि दुसऱ्या भिंतीला हात घातला. चाव्यांचा खुळखुळाट होत राहिला. एक डबा भरला, दुसरा भरला. भिंतीवर चाव्यांच्या आकाराचे फिकट डाग उमटले होते.

"पहारेकरी कशा आहेत?" काकांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. कान आता पूर्णच गेले."

"सुखी आहेत मग." त्यांनी खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. "ताई, इथं तर तो तुमचा तांबडा दिवा नाही. आता सांगा. विचाराधीन म्हणजे काय?"

तिनं पत्र हातात घेतलं, पण उघडलं नाही. इतक्या वर्षांत हजारो लोकांना तिनं अर्थ सांगितले होते. तिनं ते तसंच काकांच्या हातात परत दिलं.

"जागा मिळणार नाही, काका."

"मुळीच?"

"मुळीच नाही. ज्यांना द्यायची होती त्यांची पत्रं वेगळी आहेत. त्यात गाळा नंबर आहे."

काकांनी मान डोलावली. ते स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तिनं आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी आलं आणि गेलं. "मी लेकीला सांगितलं होतं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, मग नवी जागा घेतो," ते म्हणाले. "जावयानं यंत्र ठेवायला त्यांच्या बाल्कनीत जागा केलीय. दोन महिन्यांसाठी." मग पत्र खिशात ठेवत, "कळवायला हवं तिला."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," काका म्हणाले. या वेळी त्यांनी हरकत नाही म्हटलं नाही.

दहाच्या सुमारास यंत्र आलं. आधी टोकाच्या दुकानाचं शटर गेलं, मग भिंत. धूळ इतकी उठली की गल्लीचं दुसरं टोक दिसेना. काकांच्या जावयानं आणलेल्या हातगाडीवर सहा डबे, यंत्र आणि स्टूल एवढंच सामान झालं. चाळीस वर्षांचं एवढंच, असं तिथं कुणीतरी म्हणालं. काकांनी गाडीचा एक दांडा धरला. निघताना त्यांनी तिला नमस्कार केला, खिडकीवरच्या कुठल्याही कर्मचाऱ्याला करावा तसा, थोडा वाकून. तो तिला लागला.

तिनं पालिकेच्या नळावर हातपाय धुतले, केसांतली धूळ झटकली आणि दीड वाजता जागेवर येऊन बसली. रांगेत सात जण होते. पहिल्या बाईच्या हातात उद्यान खात्याचं पत्र होतं, 'लवकरच' असं लिहिलेलं. बाई बोलायला लागली आणि तांबडा दिवा लागला.